माझ्या वाटणीची ज्वारी

पत्र्याच्या कोठीवर बोटाच्या पेरानं वाजवलं की आत किती दाणा आहे ते कळतं. रिकाम्या भागावर आवाज खणखणीत येतो, भरलेल्या भागावर बद्द. मोठीआई रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी कोठीघरात जायची आणि एकेक कोठी वरून खाली वाजवत यायची. आम्ही भावंडं तेव्हा अंथरुणातच असायचो. खणखणाट थांबून बद्द आवाज जिथं सुरू व्हायचा तिथं तिचं बोट क्षणभर टेकायचं, मग ती पुढच्या कोठीकडं वळायची. पावसाळ्यात ती जागा तिच्या खांद्याच्याही वर असायची. दिवाळीनंतर कमरेशी यायची. होळीच्या सुमारास तिला कोठी वाजवायला खाली बसावं लागायचं, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून ती "शिवा शिवा" म्हणायची. माझ्या लहानपणीचं वर्ष असं एका बाईच्या अंगावरून उतरत गेलेलं मला आठवतं. भिंतीवर दिनदर्शिका होती, पण ती अण्णांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी.

सिरसाळ्याच्या बाजाररस्त्याला आमचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. मध्ये फरशीचा चौक. दुकानात बसलं की घरातली फोडणी कळायची आणि घरात बसलं की दुकानातला भाव. अण्णा, आई, मोठीआई, मी आणि माझा धाकटा भाऊ शिवा, एवढी माणसं. मोठीआई म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची बायको. माझे हे काका मी जन्मायच्या आधीच वारले होते. त्यांचा फोटो दुकानात गल्ल्याच्या वर होता, आणि मोठीआई दुकानात कधी येत नसल्यामुळं तो तिला रोज दिसत नसे. घरात तिच्याकडं कोठीघराची किल्ली होती. आई स्वयंपाक करायची, पण पीठ कशाचं, डाळ किती, हे ठरवायची मोठीआई.

आम्हाला शेत नव्हतं. गावात ज्याला शेत नाही त्याला विकतचा दाणा भरावा लागतो, आणि तो वर्षाचा एकदाच भरायचा, ही आमच्याकडं मानाची गोष्ट होती. किलो-किलोनं आणणारी घरं वेगळी. ज्वारी उभी असतानाच अण्णा दिंद्रुडला आमच्या ठरलेल्या शेतकऱ्याच्या रानात जाऊन यायचे, कणसातला दाणा काढून दाताखाली धरायचे, आणि तो कट्ट वाजला की पोती सांगून यायचे. पोती माणशी सांगायची. मोठ्या माणसाला वर्षाला दोन पोती ज्वारी, पोराला एक, गहू सणावारापुरता, तूर सगळ्यांत मिळून. त्यामुळं पुढच्या वर्षभर या घरात कोण कोण राहणार, हे दरवर्षी चैत्राच्या आधी ठरून जायचं. आत्याचं लग्न जमलं त्या वर्षी तिची पोती सांगितली नाहीत. तिला हे कळलं तेव्हा ती चौकात बसून रडली होती असं आई सांगायची, लग्नाच्या दिवशीसुद्धा ती एवढी रडली नाही म्हणे. आजोबा अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी मात्र त्यांची पोती सांगितली होती, सगळ्यांना सगळं कळत असूनही. दिवाळीनंतर ते गेले. त्यांची ज्वारी राहिली. ती विकली नाही, कुणाला दिली नाही. भरलेला दाणा माघारी फिरवायचा नाही आणि ज्याच्या नावानं भरला त्याच्या घरच्यांनी तो संपवायचा, असा आमच्याकडं नेम होता. आम्ही ती आजोबांची ज्वारी खाल्ली. मला वाटायचं तिची चव वेगळी लागेल. लागली नाही.

माल वैशाखात यायचा. मग घराचं रूपच पालटायचं. सगळी ज्वारी आधी चौकात ओतून पायलीनं मोजून घ्यायची, मग वर माळवदाच्या गच्चीवर नेऊन उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, रात्रभर थंड होऊ द्यायची आणि मगच कोठीत भरायची. गरम दाणा भरला तर कोठीला आतून घाम सुटतो. डाळीला एरंडेल चोळायचं काम माझ्याकडं असायचं. मुगाला राख, ज्वारीत सावलीत वाळवलेला कडूलिंबाचा पाला. कोठीघराला खिडकी नव्हती. उजेड येऊ नये, ओल येऊ नये, म्हणून मुद्दामच ठेवली नव्हती. तिथं दुपारी उभं राहिलं की एरंडेल, पत्रा आणि पाला यांचा मिळून एक जड वास नाकातोंडात बसायचा आणि थोड्या वेळानं आपणही भरून ठेवल्यासारखं वाटायला लागायचं. मी तरी तिथंच बसायचे, कारण घरात पुस्तक घेऊन बसायला दुसरी जागा नव्हती. दार अर्धं उघडं ठेवून त्या उजेडाच्या पट्टीत पुस्तक धरायचं. मोठीआई आत सुपानं काहीतरी पाखडत असायची. मध्येच म्हणायची, "जरा मोठ्यानं वाच की, मला बी कळू दे." ती सातवी शिकलेली होती. मी मोठ्यानं वाचायला लागले की सूप थांबायचं.

आता हे लिहिताना माझ्या अंबाजोगाईच्या घरात उजेड भरपूर आहे. तीन खोल्या, चार खिडक्या. मोठीआईला जाऊन थोडे महिने झाले आहेत. ती गेल्यापासून मी हळूहळू लिहिते, एका दिवशी एक परिच्छेद, कधी तोही नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना सांगायचे की आठवण लिहायची तर आधी जागा लिहा, माणूस आपोआप येतो. ते खरं होतं, फक्त माणूस आल्यावर काय करायचं ते मी सांगितलं नव्हतं.

मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षीची ही गोष्ट. सिरसाळ्याला पुढचं शिक्षण नव्हतं. अंबाजोगाईला कॉलेज होतं, आणि मला तिथं जायचं होतं, इतकं की त्या उन्हाळ्यात मला दुसरं काही सुचत नव्हतं. अण्णा रागीट नव्हते. ते कधी नाही म्हणत नसत, ते "बघू" म्हणत. कॉलेजचा विषय निघाला की "बघू", धर्मापुरीच्या स्थळाचा विषय निघाला की "बघू". धर्मापुरीच्या किराणा दुकानदाराच्या मुलासाठी मला विचारणं आलं होतं, आणि त्यांनाही घाई नव्हती. दोन्हीकडचं "बघू" ऐकून ऐकून माझी अशी अवस्था झाली होती की कुणी दारात आलं तरी मला धडकी भरायची. होळीच्या आधी अण्णा दिंद्रुडहून आले आणि जेवताना सहज म्हणाले की औंदा दाणा चांगला हाय, नंदाची दोन पोती धरून सांगून आलो.

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच भाकरीकडं पाहिलं. माझी दोन पोती सांगितली, म्हणजे मी वर्षभर याच घरात, कोठीघराच्या दारात, उजेडाच्या पट्टीत. वर्ष संपल्यावर धर्मापुरी. अण्णा "बघू" म्हणत राहिले होते आणि पोती सांगून मोकळे झाले होते. त्यांना यात वावगं वाटलं नसणार. मुलीला घरी ठेवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं तिची काळजी घेणं होतं, शिक्षा नव्हती. जेवण झाल्यावर मी कोठीघरात जाऊन बसले. त्या दिवसांत कोठ्या तळाला गेल्या होत्या, आणि मी पाठ टेकून बसले की माझ्या श्वासानंही पत्रा हलका वाजायचा. मोठीआई आत आली. मी रडत नव्हते. मी तिला फक्त विचारलं, तू कधी कुठं जाणार होतीस का, लग्नाआधी किंवा काका गेल्यावर.

ती कोठीला टेकून शेजारी बसली. मग सांगितलं. काका गेल्यानंतर तिच्या भावानं पत्र पाठवलं होतं, परळीला मास्तरणीच्या शिक्षणाची सोय होती, विधवा बायकांना घेत होते. सातवी पास चालत होती. आजोबांनी नाही म्हटलं नाही. आजोबासुद्धा "बघू" म्हणाले होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. वैशाखात माल आला. त्येच्यात माजी दोन पोती व्हती. माजा दाणा दरसाल हितंच भरत गेले पोरी. भरला म्हणून ऱ्हायले. दाणा असताना माणूस कुठं जातंय?"

हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. बोलता बोलता तिचं बोट कोठीवर टकटक करत होतं आणि कोठी खालपर्यंत खणखणत होती.

वैशाखात माल आला. इस्माईलभाईंचा मॅटॅडोर दरवर्षी यायचा. ते दिंद्रुडहून सिरसाळ्यापर्यंत आमचा माल आणायचे आणि पुढं परळीवरून अंबाजोगाईला कुणाकुणाचा घेऊन जायचे. पोती चौकात उतरली. मोजणीची तयारी झाली. आता मोजणीविषयी एक सांगितलं पाहिजे, कारण आजच्या मुलांना ते माहीत नसतं. दाणा मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही. "लाभ" म्हणायचं. मग दोन, तीन. आणि एकदा लाभ म्हटलं की मोजणी संपेपर्यंत चौकात कुणी बोलायचं नाही. मोजणारा सोडून बाकी सगळे मुके. मध्ये कुणी बोललं तर मोजणी मोडते, पुन्हा पहिल्यापासून ओतावं लागतं, आणि मोडलेल्या मोजणीच्या दाण्याला बरकत राहत नाही. शिवा लहान असताना एकदा मध्येच "मला मुतायचंय" म्हणाला तेव्हा अण्णांनी, ज्यांनी आम्हाला कधी हात लावला नाही, त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. व्यापारी घर, बरकतीला भिणारं.

दरवर्षी मोठीआई सगळा माल एका ढिगात मोजायची. त्या दिवशी तिनं चौकाच्या एका कोपऱ्यात वेगळी सतरंजी अंथरली. सतरंजीशेजारी धुऊन वाळवलेली दोन रिकामी पोती होती आणि टोपलीभर वाळला पाला. मला वाटलं, बियाण्याचं काहीतरी असेल, पण आम्हाला शेत नव्हतं. तिनं आईला जवळ बोलावलं आणि रिकाम्या पोत्याचं तोंड धरायला सांगितलं. मग पदर खोचला, पायली भरली, हातानं सपाट केली आणि दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लाभ."

ज्वारी पोत्यात पडली. एरवी ज्वारी फरशीवर पडते त्याचा आवाज पसरट असतो. पोत्यात पडते तेव्हा तो खोल असतो, घशातून आल्यासारखा. तो वेगळा आवाज ऐकूनच बहुधा अण्णा दुकानातून चौकाच्या दारात आले. हातात मीटरपट्टी तशीच. त्यांनी सतरंजी पाहिली, पोतं पाहिलं, पोत्याच्या तोंडाला धरलेले आईचे हात पाहिले. मोठीआई "चार" म्हणाली. अण्णांचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना कळलं होतं हे मला दिसत होतं. मला मात्र अजून काहीच कळलं नव्हतं. दोन मापांच्या मध्ये मूठभर पाला पडत होता. आईच्या हातातली पोत्याची कड हलत होती, पण तिनं पोतं सोडलं नाही. मी आईला आयुष्यभर भित्री म्हणत आले. त्या दुपारचे तिचे हात आठवले की तो शब्द मागं घ्यावासा वाटतो.

दोन पोती भरायला किती वेळ लागतो? फार नाही. पण बोलायची बंदी असलेला वेळ लांबतो. दुकानातलं गिऱ्हाईक अण्णांच्या मागं येऊन उभं राहिलं, त्यालाही रीत ठाऊक, तेही गप्प. इस्माईलभाई दाभणात सुतळी ओवून तयार होते. अण्णा दारात उभे, एका हातानं चौकट धरून. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही इतकं अडकलेलं कधी पाहिलं नाही. खरं म्हणजे अडकलेली मी होते. पण त्या तेवढ्या वेळात सगळ्यांच्या जागा बदलल्या होत्या, आणि मोठीआई, जी या घरातून कधी कुठं गेली नाही, ती एकटीच मोकळी बोलत होती. सात. आठ. नऊ.

शेवटचं माप पडलं. इस्माईलभाईंनी पोत्यांची तोंडं शिवली. मोठीआईनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला, दोन्ही पोत्यांना विभूतीची बोटं ओढली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वैनी, हे कुणाचं?" अण्णा म्हणाले.

"नंदाचं."

"मंग कोठीत भरायचं न्हाई का?"

"कोठीत काय नंदा ऱ्हाती? ती ऱ्हाईल तितं तिचं भरायचं. अंब्याला सावित्राकडं जागा सांगून ठिवलीय."

सावित्रा ही मोठीआईच्या मावशीची मुलगी. अंबाजोगाईला दोन खोल्यांत शिकणाऱ्या मुली ठेवायची. मुलींनी आपापला दाणा आणायचा आणि मिळून रांधायचं. हा निरोप कधी गेला, कुणी नेला, हे विचारायची गरज नव्हती. इस्माईलभाई आभाळाकडं बघत होते.

"आन मला कुणी इचारलं?" अण्णांचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाईक मागं होतं.

"मोजताना तुमी हुबे व्हते की, भावजी. काई बोल्ले न्हाई."

"मोजताना बोलतेत का कुणी?"

"म्हणून म्हणलं, तुमची बी हा हाय."

गिऱ्हाइकाला हसू आवरलं नाही, त्यानं ते खोकल्यात घातलं. अण्णा इस्माईलभाईंकडं वळले आणि पोती कोठीघरात टाक म्हणाले. इस्माईलभाईंनी टॉवेलनं मान पुसली. ते म्हणाले, "सावकार, लाभ म्हणून भरल्याला माल हाय. चढवा म्हणले तर चढवतो. माघारी फिरवायचं दुसऱ्या कुणाला सांगा, मला लेकरंबाळं हायेत."

पोती मॅटॅडोरवर चढली. परळीच्या रस्त्याला धुरळा उडाला आणि बसला. अण्णा दुकानात गेले, आणि नंतर मला आतून कापड फाडल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा जोरात.

पुढचे दिवस मला सगळ्यांत कठीण गेले. लोकांना वाटतं दार उघडलं की सुटका झाली. माझी ज्वारी अंबाजोगाईला गेली होती आणि मी सिरसाळ्यात होते. अण्णा जा म्हणत नव्हते, राहा म्हणत नव्हते. "बघू"सुद्धा म्हणत नव्हते. बाकीची ज्वारी माळवदावर वाळली, कोठ्या खांद्याच्याही वर भरल्या, आणि त्या भरलेल्या घरात माझा एक दाणा नव्हता. मी जेवायला बसले की घास घ्यायला हात जड व्हायचा. आई नेहमीसारखी भाकरी वाढायची, वर येसराची आमटी, बाजूला जवसाची चटणी, आणि मी त्या भाकरीकडं दुसऱ्याची वस्तू असल्यासारखी बघायचे. शिवाला हे बरोबर सापडलं. "अक्के, ही भाकर माझ्या वाटणीची हाय बरं का, हिशेबात ठिव," तो म्हणाला. आई हसली, मोठीआई हसली, मीही हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी आपल्या ताटातली चतकोर भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली. पाहुण्याला आग्रहानं वाढतात तशी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या मनात मी निघून गेले होते, आणि ते त्यांना फार जड जात होतं.

गावात तर बातमी मॅटॅडोरच्या आधी पोचली होती. नंदाचा दाणा अंब्याला भरला. कुणी नंदा जाणार का असं विचारलं नाही, कधी गेली एवढंच विचारलं. धर्मापुरीपर्यंत हे गेलं तेव्हा त्या लोकांनी मुलगी शिकायला गेली असं समजून दुसरीकडं बघितलं. त्यांचा निरोपही आला नाही. निकाल लागला, मी चांगली पास झाले, पेढे वाटले, आणि तरीही काही हललं नाही. मी कोठीघरात बसायचे. कोठ्या भरलेल्या असल्यामुळं तिथं आता आवाज घुमत नव्हता, सगळं बद्द होतं. वाचलेलं पान पुन्हा वाचायचे. मला खरोखर वाटायला लागलं होतं की माझी ज्वारी कॉलेजला जाईल आणि मी नाही.

मग सावित्राबाईचा निरोप आला, बसच्या कंडक्टरबरोबर, आणि तो अण्णांनाच भेटला. पोती उन्हात घालून भरून ठेवली आहेत. उंदरांचा त्रास आहे. दुसऱ्या मुलीचं सामान यायचं आहे. माणूस येत नसेल तर दाणा उचलून न्यावा.

अण्णा निरोप घेऊन चौकात आले आणि उभे राहिले. दाणा उचलून आणायचा म्हणजे लाभ म्हटलेलं, विभूती लावलेलं पोतं भर बाजारातून माघारी दारात. ते कोण आणणार, कोण उतरवणार आणि कोण खाणार? मोठीआई खाली मान घालून शेवया मोडत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. अण्णा आईला म्हणाले, "हिचे कपडे भर. दाणा पडलाय तितं. उंदरं खातेली."

बसस्टँडवर जो भेटला त्याला ते हेच सांगत होते. मुलीला शिकायला सोडतो असं त्यांच्या तोंडून निघेना. "दाणा भरलाय अंब्याला, त्याच्या मागं चाललोत," एवढंच. लोकांना पटतही होतं. बसमध्ये ते खिडकीकडच्या बाजूला मला बसवून स्वतः कडेला बसले. परळी मागं पडल्यावर, घाट लागल्यावर, त्यांनी समोर बघत विचारलं, "एरंडेल चोळता येतं ना नीट? डाळीला जास्ती लागलं तर वास मारतो." मी हो म्हणाले. माझ्या शिक्षणाविषयी आम्हा दोघांत झालेलं पहिलं बोलणं ते एवढंच.

पुढची वर्षं लिहिण्यासारखी आहेत, पण ती इथली नाहीत. दरवर्षी वैशाखात मॅटॅडोर सिरसाळ्याला थांबला आणि माझी दोन पोती घेऊन पुढं आला. मी मास्तरीण झाले, याच गावात राहिले. लग्न झालं तेव्हा पोती चार झाली. अण्णा गेले, आई गेली, इस्माईलभाईही गेले. काही वर्षांपूर्वी मी पुन्हा एकटी झाले, तेव्हा पोती पुन्हा दोन झाली. शिवाच्या घरी आता फोनवर पिठाच्या थैल्या मागवतात. आणणारा मुलगा थैली उंबऱ्यावर ठेवतो, तिचा फोटो काढतो आणि जातो. सुनांच्या दृष्टीनं सोय आहे, आणि मी नावं ठेवत नाही. फक्त मोठीआईच्या दोन पोत्यांसाठी तिथं एक कोठी राखली होती आणि ती रोज सकाळी तेवढी एकच वाजवायची.

मागच्या उन्हाळ्याच्या आधी शिवाचा फोन आला. तो हसत होता. म्हणाला, अक्के, मोठीआईचं डोकं फिरलंय, पोती सांगायला निघालो तर म्हणती औंदा माझा हितं भरू नको. दोनदा सांगितलं. कावून म्हणून विचारलं तर म्हणती, नंदाला सांग. शिवाला वाटलं वय झालं. मला मात्र लगेच कळलं. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. तिची पोती माझ्याकडं पाठव.

तिची दोन पोती आणि माझी दोन, एकाच टेम्पोनं आली. मी तिच्यासाठी नवी कोठी घेतली. बाजूच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीखाली ठेवली, कारण तिला आयुष्यभर बिनखिडकीच्या खोलीत धान्य सांभाळावं लागलं होतं. शेजारीण म्हणाली, उजेडात कोठी ठेवतात का. मी म्हटलं, ठेवायची आहे. गच्चीवर ज्वारी वाळवली, थंड केली, पाला घालून भरली. मोठीआईला फोनवर सांगितलं, तुझं भरलं. ती म्हणाली, "झालं मग. दाणा पुढं गेला, आता मी येतेच." श्रावणातले परळीचे सोमवार तेवढे झाले की येते म्हणाली. मग गुडघा दुखायला लागला. मग दिवाळी सिरसाळ्यातच करू दे म्हणाली, लेकरं येतेत. मी पलंग खिडकीशी सरकवून ठेवला होता. दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात सकाळी ती उठली नाही. शिवा म्हणाला, झोपेतच. तिला बसवून समाधी दिली, माती दिली, आणि मी परत आले तेव्हा खिडकीतून ऊन येऊन कोठीवर पडलं होतं.

शिवा दर आठवड्याला फोन करतो. एकटी कशाला राहतेस तिथं, सिरसाळ्याला ये, खोली मोकळी आहे. ती ज्वारी देऊन टाक कुणाला. ज्वारी देता येत नाही हे त्याला माहीत आहे, तो उगीच म्हणतो. मी रोज सकाळी दोन कोठ्या वाजवते. माझी खाली खाली येत गेली आणि परवा तळाला खणखणली. तिची वरपर्यंत बद्द.

काल सकाळी मी तिच्या कोठीचं झाकण काढलं. पाल्याचा वास आला. खाली बसून सतरंजी अंथरली, पदर खोचला आणि पायली भरली. घरात कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हटलं, "लाभ." मग दोन, तीन. पाचव्या मापाला फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी उठले नाही. सगळं मोजून माझ्या रिकाम्या कोठीत भरून झालं, सतरंजी झाडली, हात धुतले आणि मग शिवाला फोन लावला. त्याचा जीव वरखाली झाला होता.

"कावून उचलला न्हाईस, अक्के?"

"मोजत होते," मी म्हणाले.

तोही त्याच घरातला. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "किती भरलं?"

"एका माणसाचं," मी म्हणाले. "वर्षाचं."

सिरसाळ्याला ये, असं तो पुन्हा म्हणाला नाही.